कॅम्पर ट्रेलरला टायर घेताय? आधी भुईकाट्यावर जा

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही घरचे पाच जण नाशिकहून भंडारदऱ्याला निघालो होतो, बोलेरोच्या मागे आमचा छोटा कॅम्पर ट्रेलर, वाडीवऱ्हे मागे टाकलं आणि मागून फट्टकन आवाज आला. मला आधी वाटलं शेजारून गेलेल्या ट्रकचा टायर गेला, कारण आमची गाडी फारशी ओढलीच नाही. आरशात धूळ आणि काळे तुकडे उडताना दिसले तेव्हा कळलं की आपलाच आहे. डाव्या चाकाचा टायर नुसता फुटला नव्हता, त्याचा वरचा पट्टा केळीच्या सालीसारखा सोलून निघाला होता आणि फिरता फिरता त्याने मडगार्डचा पत्रा फाडून आतल्या गॅसच्या पाइपला तडाखा दिला होता. निघताना आईने सिलेंडरचा रेग्युलेटर बंद केला होता म्हणून पुढचं टळलं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्या टायरची नक्षी जवळजवळ नवी होती. नव्या टायरच्या कडेला रबराचे बारीक केस असतात ना, तेसुद्धा शिल्लक होते. चाक काढून उलटं केलं तेव्हा आतल्या बाजूला चार आकडे दिसले, ४७१५. म्हणजे २०१५ सालचा ४७ वा आठवडा. आम्ही ट्रेलर बनवून घेतला २०१९ मध्ये, "नवे टायर" म्हणून जे लावून मिळाले ते तेव्हाच तीन-साडेतीन वर्षांचे होते, आणि फुटले तेव्हा साडेसहा वर्षांचे. शिवाय ते होते छोट्या हॅचबॅकचे, १७५/६५ आर१४, लोड इंडेक्स ८२. या ८२ चा अर्थ मला त्या दिवशी माहीत नव्हता. कारच्या टायरची सवय असल्यामुळे आपण नक्षी बघतो, कंपनीचं नाव बघतो आणि भाव करतो. ट्रेलरला हा क्रम पूर्ण बदलावा लागतो. आधी प्रत्येक चाकावर किती वजन येतं ते काढायचं, मग ते वजन आरामात पेलणारा टायर शोधायचा, मग त्याची तारीख बघायची आणि भावाचं सगळ्यात शेवटी.

ट्रेलरचा टायर वेगळा का वागतो

गाडीचा टायर रोज फिरतो, त्यामुळे तो झिजून मरतो. ट्रेलर वर्षातून सात-आठ वेळा बाहेर पडतो, बाकी वेळ उन्हात उभा. रबरात उन्हापासून आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात, टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि थर धरतात. उभ्या टायरमध्ये ते होत नाही, म्हणून तो आतून बाहेरून वाळत जातो आणि नक्षी मात्र नवीच्या नवी दिसते.

दुसरं कारण उष्णता. टायर जमिनीला टेकतो तिथे त्याची कड वाकते आणि पुढे गेली की सरळ होते, हे एका मिनिटात शेकडो वेळा होतं, आणि या वाकण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल किंवा वजन जास्त असेल तर कड जास्त वाकते, उष्णता जास्त, वेग वाढवला की ती बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग आतल्या स्टीलच्या पट्ट्यांची आणि रबराची पकड सुटायला लागते. टायर फुटतो त्या क्षणाच्या कितीतरी आधीच्या प्रवासांमध्ये हे सुटणं सुरू झालेलं असतं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात समृद्धीसारखा लांबलचक सिमेंटचा रस्ता, न थांबता तासन्‌तास एकाच वेगाने पळणं, हे सगळं टायरवर एकदम येतं. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर आरटीओने गाड्यांचे टायर तपासून गुळगुळीत टायरवाल्यांना परत पाठवायला सुरुवात केली होती. पण जुना झालेला आणि नक्षी चांगली असलेला टायर अशा तपासणीत नजरेतून सुटू शकतो, तो आपल्यालाच पकडायचाय.

तिसरं, गाडीत बसलेल्या माणसाला ट्रेलरच्या चाकाचं दुखणं कळतच नाही. गाडीचं चाक बसलं की स्टिअरिंग ओढतं, ट्रेलरचं चाक अर्धी हवा गेली तरी मुकाट्याने मागे येत राहतं, आपण तसेच वीस किलोमीटर जातो आणि तेवढ्यात टायरचं काम तमाम होतं.

वजन काढायचं, आणि नीट काढायचं

आता कामाला लागू. ट्रेलर सहलीला निघताना जसा भरतो तसा पूर्ण भरा. पाण्याची टाकी काठोकाठ, सिलेंडर, गाद्या, भांडी, खुर्च्या, बॅटरी, मुलांच्या सायकली, सगळं. रिकाम्या ट्रेलरच्या वजनाचा टायर निवडायला काहीच उपयोग नाही. मग भुईकाटा गाठा. नाशिककरांना काटा शोधायला लांब जायला नको, अंबड-सातपूर एमआयडीसीत आहेत, हायवेला आहेत, पिंपळगाव-लासलगावच्या बाजूला राहत असाल तर कांद्याचे ट्रॅक्टर जिथे तोलतात तिथेही होईल. गर्दीच्या वेळी काटेवाले घाई करतात कारण मागे ट्रकची लाईन असते, म्हणून दुपारी जेवणाच्या सुमारास किंवा अगदी सकाळी जा आणि आधीच सांगा की तीन-चार वेळा तोलायचंय, प्रत्येक वेळचे पैसे देतो.

पहिल्यांदा ट्रेलर गाडीपासून सोडून एकटा काट्यावर उभा करा, पुढच्या छोट्या चाकासकट. हे झालं एकूण वजन. आमचं आलं ११८० किलो. आरसीवर ट्रेलरचं जे एकूण वजन लिहिलंय त्याच्या आत हा आकडा हवाच, नसेल तर टायरचा विचार थांबवा आणि आधी सामान कमी करा.

मग ट्रेलर गाडीला जोडा आणि फक्त ट्रेलरची चाकं काट्यावर, गाडी काट्याच्या बाहेर. हे ॲक्सलवरचं, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं वजन. आमचं १०६०. दोन्हींतला फरक १२० किलो, तेवढा भार हुकवरून गाडीवर जातो. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हुकवर असावं असं धरतात, आमचं दहाच्या थोडं वर. हे फार कमी झालं तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग कितीही भारी टायर असला तरी उपयोग नाही.

आणि आता ते तोलणं जे कोणीच करत नाही. ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त डावं चाक काट्यावर आणि उजवं चाक बाहेर जमिनीवर, मग उलट. काट्याचा प्लॅटफॉर्म आणि बाजूची जमीन एकाच पातळीत असेल तिथेच हे करा, चाक वर-खाली असलं तर आकडा खोटा येतो. मोठा काटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, तेवढं इकडेतिकडे चालतं. आमचं डावं चाक ५९० आणि उजवं ४७०. एकाच ॲक्सलवर १२० किलोचा फरक! ओटा, सिलेंडर, पाण्याची टाकी सगळं डाव्या बाजूला, फॅब्रिकेशनवाल्याला पाइप टाकायला सोपं गेलं म्हणून. फुटला तोही डावाच टायर.

हा आकडा कळल्यावर मी तिथेच काट्याच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून हिशोब केला. लोड इंडेक्स ८२ म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ४७५ किलो. त्यात तो कारचा टायर. अमेरिकेत असा नियम आहे की कारचा टायर ट्रेलरला लावायचा असेल तर त्याची वहनक्षमता १.१० ने भागून धरायची, कारण ट्रेलरसारख्या गाडीला लावला की कारच्या टायरला जास्त खडतर वागणूक मिळते, जास्त वजन आणि खराब रस्ते. ४७५ भागिले १.१० म्हणजे ४३२. आणि आम्ही त्यावर ५९० किलो लादून तीन वर्षं फिरत होतो. उजवा टायरसुद्धा ४७० वर होता, म्हणजे तोही रांगेतच होता.

तुमचा आकडा काढताना सगळ्यात जड चाक धरा, सरासरी नाही. त्यावर २०-२५ टक्के राखीव ठेवा. आमच्यासाठी ५९० गुणिले सव्वा, साधारण ७३७ किलो. आता लोड इंडेक्सच्या तक्त्यात बघा, हे आकडे सगळ्या कंपन्यांना सारखेच असतात: ८५ म्हणजे ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०, ९१ म्हणजे ६१५, ९५ म्हणजे ६९०, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००, १०२ म्हणजे ८५०, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. म्हणजे आम्हाला पिकअपच्या जातीचा टायर घेतला तर ९८ किंवा त्याच्या वरचा हवा, आणि कारचाच घ्यायचा म्हटलं तर तो १.१० चा हिशोब धरून १०१ किंवा त्याच्या वरचा, जो १४ इंची साध्या कारच्या टायरमध्ये मिळत नाही.

अजून एक, टायर घेण्याआधी सामानाची जागा बदलून बघा. आम्ही पाण्याची टाकी उचलून मधोमध, ॲक्सलच्या जरा पुढे आणली. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, एवढ्या एका कामाने दोन्ही चाकं बरीच जवळ आली. तरी टायर मात्र आम्ही जुन्या ५९० च्या हिशोबानेच घेतले.

टायरच्या कडेवरचं वाचायचं कसं

आमचा आत्ताचा टायर १८५ आर१४ सी, ८ पीआर, १०२/१०० आहे. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे रेडियल, १४ इंचाची रिम, सी म्हणजे माल वाहणाऱ्या हलक्या गाड्यांचा. आपल्याकडे यालाच बऱ्याच टायरवर एलटी लिहितात, दुकानात पिकअपचा टायर म्हटलं की कळतं. ८ पीआर म्हणजे प्लाय रेटिंग ८, आत खरोखर आठ थर (प्लाय) आहेत असं नाही, तेवढ्या ताकदीचा असा अर्थ. १०२ हा एकट्या चाकासाठी, म्हणजे ८५० किलो, आणि १०० हा जोडचाकासाठी. ट्रेलरला एका बाजूला एकच चाक असेल तर पहिला आकडा धरायचा.

या आकड्यांनंतर शेवटी एक अक्षर असतं, ते वेगाचं. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एम १३०, एन १४०, क्यू १६०. ट्रेलर ओढताना आम्ही ८० च्या वर जात नाही, त्यामुळे एल-एम सुद्धा पुरेसं आहे, इथे जास्त पैसे घालवू नका. मात्र फार खालचं अक्षर असेल तर सावध. निफाडकडच्या आमच्या एका पाहुण्यांनी द्राक्षाच्या ट्रॉलीचे शिल्लक टायर ट्रेलरला लावायचं ठरवलं होतं, म्हणे वजन तर दुप्पट पेलतील. वजन पेलतील हे खरं, पण शेतीच्या ट्रॉलीच्या टायरवर बऱ्याचदा ए६ किंवा ए८ लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३० आणि ४० किलोमीटर. हायवेला ७० ने पळवले तर ते तापून जाणार. त्यांना फोनवर कडेचा फोटो मागवून दाखवलं तेव्हा पटलं.

परदेशी व्हिडिओ बघून बरेच जण एसटी टायर शोधतात. एसटी म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेला, कड जास्त कडक, अमेरिकेत सगळीकडे मिळतो. तिथे पीआरऐवजी लोड रेंज लिहितात, सी म्हणजे ६ प्लाय, डी म्हणजे ८, ई म्हणजे १०. एकाच मापात, समजा एसटी २०५/७५ आर१५, सी असेल तर ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ला ८२५ किलो आणि डी असेल तर ६५ पीएसआयला ९७५ किलो, म्हणजे नुसतं माप सारखं बघून चालत नाही. बाहेरून आणलेला जुना कॅरॅव्हान घेतलात तर असे टायर त्याला असतील, मात्र ते किती जुने आहेत ते आधी बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या दुकानात एसटी ठेवत नाहीत, त्याच्या मागे लागून सहा महिने घालवण्यापेक्षा एलटी किंवा सी जातीचा चांगला टायर घ्या, युरोपातसुद्धा जड कॅरॅव्हानना सी जातीचेच टायर लावतात.

नायलॉन (आतले धागे तिरके असलेला जुन्या पद्धतीचा टायर) की रेडियल? हायवेला फिरायचं असेल तर रेडियल, तो कमी तापतो. एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल हे तर कधीच नाही.

माप बदलताना रिम आणि मडगार्ड

जास्त वजनाचा टायर बहुतेक वेळा उंचही असतो. आमच्या जुन्या टायरचा व्यास साधारण ५८ सेंटिमीटर होता, नव्याचा ६५ च्या आसपास. म्हणजे ट्रेलर तीन-साडेतीन सेंटिमीटर वर उचलला गेला आणि चाकाच्या वरची फटही तेवढीच कमी झाली. खड्ड्यात ॲक्सल वर उचलला की टायर मडगार्डला घासणार, म्हणून आम्हाला चाकावरची पेटी कापून उंच करून घ्यावी लागली. टायर घ्यायच्या आधी टेप घेऊन वरची, आतली, बाहेरची जागा मोजा. ट्रेलर वर गेला की हुकची उंचीही बदलते, ट्रेलर जमिनीला समांतर राहतोय का ते जोडून बघा, खास करून दोन ॲक्सल असतील तर, नाहीतर एकाच ॲक्सलवर जास्त भार पडतो.

रिमवर सुद्धा किती वजन चालतं ते कोरलेलं असतं, निदान चांगल्या रिमवर. टायर ८५० चा आणि रिम ५०० ची हा काहीच उपयोगाचा सौदा नाही. कारच्या जुन्या अलॉय रिम ट्रेलरला लावू नका, जाड लोखंडी रिम घ्या. आणि रबरी साधा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयच्या वर चालत नाही, आमच्या टायरची कमाल हवाच ६५, म्हणून आम्ही धातूचे नटवाले व्हॉल्व्ह बसवले. दुकानदार म्हणेल काही गरज नाही. बसवून घ्या, फार पैसे लागत नाहीत. टायर ट्यूबलेस असेल तर रिमही ट्यूबलेसचीच हवी, आत ट्यूब घालून जमवू नका.

दुकानात

द्वारका, आडगाव नाक्याच्या बाजूला टायरच्या दुकानांना तोटा नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ठिकाणी मला सरळ ऐकवलं, "काका, ट्रेलरला काय, मागे लोळत येतंय, कुठलाही टाका." हे वाक्य ऐकलं की नमस्कार करून पुढचं दुकान गाठा. चांगला दुकानदार उलट प्रश्न विचारतो, वजन किती, ॲक्सल किती, कुठे फिरवता.

तारीख बघायची म्हणजे टायरच्या कडेवरच्या डीओटी कोडच्या किंवा सीरियल नंबरच्या शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बहुतेक टायरवर पूर्ण तारीख एकाच बाजूला असते. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या वरचा मी घेत नाही, कितीही स्वस्त दिला तरी, कारण ट्रेलरच्या टायरचं आयुष्य नक्षीवर नाही तर वर्षांवर मोजायचं असतं आणि दुकानात गेलेलं वर्ष तुमच्या खिशातून जातं. दोन्ही टायर आणि स्टेपनी, तिन्हींच्या तारखा स्वतः खाली वाकून बघा, एकावर विश्वास ठेवून बाकीचे गृहीत धरू नका. माझ्या वेळी दोन ताजे निघाले आणि तिसरा सव्वा वर्षाचा, परत करून दुसरा मागवला. आणि बसवताना सांगा की तारखेची बाजू बाहेर ठेवा. आमची तारीख आत होती म्हणून तीन वर्षं कोणाला दिसली नाही.

कडेवर आयएसआयचा मार्क असतो, आपल्याकडे टायरला तो सक्तीचा आहे, तो बघा. ट्रेलरला रिमोल्ड (जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला) नको आणि सेकंडहँडही नको. जुन्या टायरला ब्लेडने नव्याने खाचा पाडून चमकवून विकतात, खाच खोल दिसते पण तळाशी रबर उरलेलं नसतं. खाचेच्या आत बोट फिरवून बघा, कंपनीच्या खाचेत नक्षी घासल्याची खूण म्हणून छोटे उंचवटे असतात, कापलेल्या खाचेत ते गायब होतात किंवा अर्धवट कापलेले दिसतात.

बिलावर टायरचे सीरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटीचा कागद तिथेच वाचा, ट्रेलरला लावला तर चालते का ते विचारा. चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या, "ट्रेलरला लागत नाही" म्हणतील तरी, थरथरीने आतलं सामान आणि बेअरिंग दोन्ही खराब होतात.

नट आवळताना समोरासमोरचे, एकाआड एक, आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने. एम१२ च्या नटांना साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर असतो, तुमच्या ॲक्सलवाल्याने दिलेला आकडा असेल तर तोच. एअर गनने ठोकून सोडून देऊ नका. नवीन चाक बसवल्यावर ५० ते ८० किलोमीटरने पुन्हा तपासायचे असतात कारण रंग आणि गंज दबून नट सैल होतात. मुंबईकडे जाताना आम्ही हे इगतपुरीला करतो, कसारा घाट उतरायच्या आधी.

हवा

हवा नेहमी थंड टायरमध्ये मोजायची, सकाळी निघायच्या आधी, स्वतःच्या गेजने. पंपावरच्या प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा असतो हे तुम्हालाही माहीत आहे. ट्रेलर बनवणाऱ्याने किंवा टायर कंपनीने आकडा दिला असेल तर तो, नाहीतर टायर कंपनीचा वजन आणि हवेचा तक्ता असतो तो मिळवा. आमच्या टायरची कमाल ६५ आहे, आमच्या वजनाला तक्त्याप्रमाणे कमी पुरते, राखीव धरून आम्ही ५० ठेवतो. गाडीची सवय म्हणून ट्रेलरलाही ३२ भरणारे खूप बघितलेत, पिकअपच्या टायरमध्ये ३२ म्हणजे तो जवळजवळ रिकामा.

दर पाच-सहा अंशाला साधारण एक पीएसआय फरक पडतो. जानेवारीत सकाळी निफाडात पारा पाच-सहा अंशांवर असताना भरलेली हवा आणि मेमधली दुपार यात सहा-सात पीएसआय सहज इकडेतिकडे होतील, म्हणून ऋतू बदलला की नव्याने मोजा. चालून तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला तर हवा सोडायची नाही, तो वाढणारच, सोडलीत तर थंड झाल्यावर कमी पडेल. आणि एक छोटीशी गोष्ट, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे मोजलेली हवा दापोलीला किनाऱ्यावर गेजमध्ये जवळपास एक पीएसआय कमी दिसते. घाबरू नका, गळती नाही.

नायट्रोजन भरा किंवा भरू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तो कोरडा असतो आणि जरा हळू कमी होतो, एवढाच फायदा. नियमित मोजणं महत्त्वाचं.

टायर प्रेशरचा सेन्सर मात्र घ्याच. व्हॉल्व्हच्या टोपणासारखे सेन्सर आणि पुढे डॅशबोर्डवर छोटी स्क्रीन. मागच्या डिसेंबरात सापुताऱ्याहून येताना वणीच्या अलीकडे आमचा सेन्सर वाजला, ५० चे ४१ झाले होते, उतरून बघितलं तर खिळा. हवा पूर्ण जायच्या आत, टायर तापायच्या आत कळलं, पंक्चर काढलं आणि घरी आलो. २०२२ ला हा सेन्सर असता तर चित्र वेगळं असतं असं बायको अजून म्हणते. अलार्म आपल्या थंड हवेच्या १०-१५ टक्के खाली लावा आणि तापमानाचा ७० अंशांच्या आसपास.

थांबलात की दोन्ही टायर आणि हब उलट्या हाताने चाचपा. दोन्ही सारखेच गरम हवेत. एक जास्त तापला असेल तर हवा, बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक, यातलं काहीतरी आहे, तसंच पुढे जाऊ नका.

उभा असताना

ट्रेलर उभा करताना चाकांखाली लाकडी फळ्या टाका, ओल्या मातीत किंवा तेल सांडलेल्या जागेत ठेवू नका. चाकांना पांढऱ्या कापडाचं आच्छादन घाला, नसेल तर गोणपाट, ऊन थेट लागलं नाही पाहिजे. दोन-तीन महिने हलणार नसेल तर हवा नीट भरून ठेवा आणि महिन्यातून एकदा अर्धं चाक पुढे-मागे करा, नाहीतर एकाच जागी चपटं होतं. वेल्डिंग आणि विजेच्या चालू मोटारींजवळ ओझोन तयार होतो म्हणून वर्कशॉपमध्ये ठेवणाऱ्यांनी जरा लांब ठेवा. टायर चमकवायचं पॉलिश नको, साबणाचं पाणी पुरे.

तीन वर्षांनंतर दरवर्षी कडेच्या भेगा, फुगवटे, एका बाजूची झीज बघा. फुगवटा दिसला तर त्याच दिवशी काढा. एकाच बाजूने झिजत असेल तर ॲक्सल वाकलेला असू शकतो, नवीन टायर घालण्याआधी तो तपासून सरळ करा. पाच वर्षं झाली की बदलायची तयारी ठेवा, सहाच्या पुढे मी जाणार नाही, नक्षी कितीही असली तरी. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत चालते, पण ट्रेलरचा टायर तिथपर्यंत पोचतच नाही.

तरीही फुटलाच तर

ब्रेक करकचून दाबू नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग कमी होऊ द्या आणि डावीकडे मोकळ्या जागेत घ्या, पुलावर किंवा वळणावर थांबण्यापेक्षा शंभर मीटर रिमवर गेलेलं परवडलं. माणसं डावीकडच्या दाराने उतरवून रस्त्यापासून लांब उभी करा, त्रिकोण बराच मागे ठेवा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा. ट्रेलर गाडीपासून सोडू नका, जोडलेलाच ठेवून जॅक लावा आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून ठोकळे लावा. जॅक ॲक्सलच्या मधोमध लावायचा नाही, चाकाजवळ, स्प्रिंगच्या पट्ट्याखाली किंवा ट्रेलरवाल्याने दाखवलेल्या जागी.

स्टेपनी त्याच मापाची आणि तेवढ्याच हवेची हवी, ती बहुतेक वेळा तशीच पडून असते म्हणून महिन्याच्या तपासणीत तिचाही नंबर लावा. आणि घरी अंगणात एकदा चाक बदलून बघा. आम्ही बदलून बघितलं तेव्हा कळलं की गाडीचा जॅक ट्रेलरच्या ॲक्सलपर्यंत पोचतच नाही, टायर उंच झाल्यामुळे चार बोटं कमी पडतो. तेव्हापासून ट्रेलरच्या पुढच्या पेटीत दोन टनांचा वेगळा जॅक आणि त्याच्याखाली ठेवायला सागवानाची दीड फुटी फळी कायम असते.